भिंतीला ठोकलेलं टेबल

"ती घरूनच काम करणार. डेस्कटॉप जोडून द्या, सगळं भारीतलं," दुकानात शिरताच बाबांनी परस्पर सांगून टाकलं. ऋजुताने मागितला होता लॅपटॉप, पुण्याच्या नोकरीचं पत्र दाखवून.

प्रोसेसर, रॅम, भलामोठा मॉनिटर... एकेक वस्तू काउंटरवर येत गेली.

"वायफाय कार्ड टाकू का?" दुकानदाराने विचारलं. "उद्या जागा बदलली तर बरं पडतं."

"जागा कशाला बदलतेय? सुताराकडून टेबल भिंतीलाच ठोकून घेतलंय." बाबा कौतुकाने हसले. "कॅबिनेट मात्र तिच्या पसंतीचं."

ऋजुताने मांडलेली कॅबिनेटं एकेक करून उचलून पाहिली. मग सगळ्यात लहान, वर हँडल असलेलं पुढे सरकवलं.

"हेच," ती म्हणाली.