नव्या नियमाचं पत्र

साहेबांच्या बायकोला जाऊन महिना झाला होता. तिच्या डायऱ्या बँकेच्या लॉकरमध्ये होत्या, आणि बँक लॉकर उघडू देत नव्हती. नव्या नियमानं वारसाची जुनी नोंद रद्द झाली होती आणि तिनं नवी केली नव्हती. आता कोर्टाचा कागद आणा, म्हणत होते.

"नियम मला शिकवू नका!" साहेबांनी काउंटरवर हात आपटला. "नवे नियम वाचायचे आणि ग्राहकांना कळवायचे, हेच काम करतो मी तुमच्या मुख्य कार्यालयात. या नियमाचं पत्रसुद्धा मीच लिहिलंय."

"हो साहेब, खाली सही तुमचीच आहे," काउंटरवरची बाई म्हणाली.

"मग? पत्र टाकलं की तुमचे हात मोकळे? माणसाला चार ओळी समजावून सांगायला तोंड दुखतं का तुमचं? माझ्या बायकोला एक, फक्त एक फोन केला असता, तर आज ही वेळ आली असती का?"

सगळी शाखा त्यांच्याकडे बघू लागली. बाईनं कॉम्प्युटरवर त्यांच्या बायकोच्या खात्याची माहिती काढली आणि खाली मान घालून सांगितलं,

"फोन त्यांनीच केला होता, साहेब. पत्रातलं काही कळत नाही म्हणाल्या. मी समजावायला लागले, तर म्हणाल्या, 'राहू दे गं. लिहिणारे माझ्या घरातच आहेत. त्यांना वेळ मिळाला की विचारीन.'"