जांभळ्या कापडाखाली
भूकंपात शांतवन मास्तरांची लेक गेली आणि ती वाजवायची ती पायपेटी तेवढी ढिगाऱ्यातून धड निघाली. ती लातूरच्या चर्चला देताना त्यांनी रिवाज पाडला: उपवासकाळात पेटीवर जांभळं कापड टाकायचं, ईस्टरपर्यंत कुणी हात लावायचा नाही. लेकीच्या नावानं त्यांचा तेवढाच उपास. यंदा चर्चचा हॉल रविवार सोडून रोज कोचिंग क्लासला दिलेला. रविवारी बाक सरकवून गायकमंडळ पेटीविना वधस्तंभाची गीतं गायचं, मास्तर कापडाकडे बघत मांडीवर बोटं चालवायचे. ईस्टरच्या पहाटे त्यांनी कापड ओढलं. खाली क्लासचेच दोन बाक, एकावर एक रचलेले. पाळकसाहेब नजर चुकवत म्हणाले, “पोरांना जागा पुरंना, मास्तर. पेटी उपवासाच्या पहिल्याच आठवड्यात भंगारात दिली. तुम्ही कुठं हात लावत होता!” गायकमंडळ पुनरुत्थानाच्या गीताच्या सुरासाठी खोळंबलं. मास्तरांनी कापड परत अंथरलं. म्हणाले, “आजही वधस्तंभाचंच गा. माझा उपास सुटला न्हाई.”