उजवी बाही

शिकवणाऱ्या ताईंनी माझ्या निळ्या कुर्त्याची उजवी बाही उजेडात धरली. "फाटलंय कुठे?"

"होतं. आणण्याआधी शिवलं." मी ओशाळले.

शिवणमंडळाच्या बायका हसल्या. साशिको हे जपानी भरतकाम शिकायला प्रत्येकीने फाटका कपडा आणायचा होता; मी तो सवयीने रफू करून आणला होता. माहेरी रफूचंच दुकान. गिऱ्हाइकाला फाटलेलं सापडलं नाही, की बाबा माझी पाठ थोपटायचे.

ताई मात्र हसल्या नाहीत. "यात फाटलेलं लपवत नाहीत. उसव ते. आतून ठिगळ लाव आणि वरून पांढरा दोरा घाल, चांगला ठसठशीत."

उसवलं तशी बाही वीतभर उघडली. गेल्या बुधवारी मी क्लासला निघाले, तेव्हा "कुठले क्लासबिस?" म्हणत नवऱ्याने ती ओढली होती. असे रफू केलेले आणखी पाच कपडे कपाटात आहेत. एकातही कुणाला काही सापडायचं नाही. बाबांची लेक आहे मी.

मी पांढरा दोरा ओवला. तांदळाच्या दाण्याएवढा एकेक टाका घातला, ओळीखाली ओळ, खांद्यापासून कोपरापर्यंत.

घरी तोच कुर्ता घालून चहा दिला. सासूबाईंची नजर बाहीवर गेली. "अगं, दारातून दिसतंय! लोक विचारतील ना, काय झालं म्हणून."

"विचारू देत, सांगेन," नवऱ्यापुढे कप ठेवत मी म्हणाले. "कपाटातले बाकीचे पाचही उसवायला काढलेत."