समुद्राच्या बुडाशी

सत्यशीलाच्या हट्टामुळे तिचा नवरा श्रावण तिला घेऊन आर्णीहून यवतमाळच्या माशांच्या प्रदर्शनाला आला. त्यांचा एकुलता मुलगा धम्मरत्न मालवाहू जहाजावर कामाला होता. दोन वर्षांपूर्वी ते जहाज बुडालं आणि त्याचा देह सापडलाच नाही. श्रावण मृतासाठी करायच्या पुण्यानुमोदनाच्या विधीचा विषय काढायचा, तेव्हा ती म्हणायची, “माहा पोरगा येईन वापस.” मोठ्या काचेच्या टाकीसमोर ती बराच वेळ उभी राहिली. तिनं माहिती देणाऱ्या मुलीला विचारलं, “पोरी, समुद्राच्या बुडाशी उजेड असते काय?” “सूर्याचा नाही पोचत, मावशी. पण तिथल्या बऱ्याच माशांच्या अंगातूनच उजेड निघते.” “म्हणजे अगदीच अंधार नसते.” “नसते. तुमचं कोणी जहाजावर आहे काय?” सत्यशीलानं काचेला हात लावला. “होता. माहा लेक.” दोन वर्षं तिला हेच समजावणारा श्रावण मात्र ते ऐकताच मटकन खाली बसला.