नववी पट्टी

भिंतीवर नऊ खिळे, नऊ खिळ्यांवर कागदाच्या नऊ पट्ट्या. प्रत्येक पट्टी एकेका मनगटाच्या मापाची. वरच्या टोकाशी ग्लेनबाहच्या अक्षरात नाव. आठ पट्ट्यांची खालची टोकं जुनी होऊन वळली होती, एकीचं सरळ होतं. टेबलावर ऐरण, दोन हातोड्या, पिरोजाचे चौदा खडे. आणि फडक्यावर चांदीचं एक कडं.

कडं नेझने आणलं होतं. तो पोलीस होता आणि कुळाच्या नात्याने ग्लेनबाहचा भाचा.

“काका, बर्फ वितळल्यावर दरीत एक जण सापडला. चेहऱ्यावरून काही कळत नाही. हातात हे होतं. सकाळी रेडिओवर सांगितलं, ऐकलंत ना?”

“रेडिओ बंद पडलाय,” ग्लेनबाह म्हणाली.

“सकाळी तर वाजत होता,” तिचा नवरा विल्सन म्हणाला. आयुष्यभर चांदी घडवत विस्तवासमोर बसून त्याचे डोळे गेले होते. आता तो बोटांनी पाहायचा. मेलेल्याची वस्तू म्हणून हात क्षणभर मागे गेला, मग त्याने कड्यावरून अंगठा फिरवला.

“दोन अस्वलं, मध्ये पिरोजा. ठसा माझाच.”

“कुणासाठी केलं होतं?”

“कसं सांगू? नऊ माप घेऊन केली, बाकीची दुकानात दिली. सगळी सारखीच, मापं तेवढी वेगळी. आणि मापाच्या पट्ट्या हिच्याकडे.”

नेझ चाचरला. “मावशी, तुमचा मुलगा... तो जो गेला घरातून...”

“नाव घे की रे! मेलेल्यांचं घ्यायचं नसतं, जिवंतांचं घेतात. डेल्विन. बघ, जीभ भाजली का माझी?”



“त्याला कड्यावर घोडा हवा होता,” विल्सन म्हणाला. “घोडा म्हणजे वाट. मी अस्वल केलं. म्हटलं, अस्वल घर राखतं. त्यावरून जुंपली. बाहेर बर्फ पडत होतं आणि मी म्हणालो, जा, परत येऊ नकोस.” त्याने हातोडी चाचपून बाजूला सारली. “हे त्याचं निघालं, तर ही पुन्हा हातात धरायचा नाही मी. जगायचाही नाही फार.”

“पुरे. माप बघ.” तिने नववी पट्टी काढून त्याच्या हातात दिली. “ही डेल्विनची.”

त्याने पट्टी कड्याच्या आतून बसवली. एक टोक धरून दुसऱ्यापर्यंत अंगठा नेला. पुन्हा नेला. तिसऱ्यांदाही.

“पुरत नाही. अर्ध्या पेराएवढी कमी पडते.”

नेझने टेबलावरची फुटपट्टी लावली. “कडं उघड्या जागेसकट सव्वासात इंच. पट्टी पावणेसात.”

उरलेल्या आठही लावून पाहिल्या. एकही बसली नाही.

“म्हणजे दुकानातलं,” विल्सन म्हणाला. मग एकदम हसला आणि बाहीने डोळे पुसले. “घाबरवलंस की रे गाढवा! पोलीस झालास, मोजायचं शिकला नाहीस.”

नेझही हसला. त्याने कडं फडक्यात गुंडाळलं.

“ठाण्याच्या कपाटात ठेवणार ते?” ग्लेनबाहने विचारलं.

“कुणाचं ते कळेपर्यंत.”

“नको. ज्याचं आहे त्याच्या हातात घालूनच पुरा. आणि हे पांघरूण घेऊन जा. इतके दिवस थंडीत होता.”

“मावशी, हे तर तुम्ही स्वतः विणलेलं. अनोळखी माणसाला?”

“कुणाचा तरी आहेच ना तो.”

नेझची गाडी उतारावरून गेली. विल्सनने चांदीची नवी पट्टी ऐरणीवर धरली.

“लोकर कातरायला येईल डेल्विन. या खेपेला घोडाच करतो. माप पावणेसातच ना?”

“पावणेसात.”

हातोडीचे ठोके सुरू झाले. धुरी देऊन मेलेल्याच्या वस्तूचा विटाळ घालवायला जुनिपरची फांदी आणते म्हणून ती फुटपट्टी घेऊन बाहेर आली. घागऱ्याच्या खिशातून कागदाचा कातरलेला एक कपटा काढून तिने फुटपट्टीवर ठेवला.

अर्धा इंच.