कॉम्प्युटरची ऊब

नवी सिस्टिम टाकल्यापासून सुदर्शनचा कॉम्प्युटर फार तापू लागला होता. मी येईपर्यंत तो बंदच ठेव, असं आईला बजावून सुदर्शन कंपनीच्या कामाला बाहेरगावी गेला. मालनबाईने मान डोलावली आणि कॉम्प्युटर चालूच ठेवला.

परसातली कोंबडी मुंगसाने नेल्यापासून घर मुकं झालं होतं. मालनबाई दिवसभर कॉम्प्युटरच्या डब्याला टेकून बसायची. आतल्या पंख्याची घरघर ऐकता ऐकता तिचा डोळा लागायचा. मग खराडीतलं विकलेलं वावर पुन्हा समोर यायचं आणि हरभऱ्यावर कोवळं ऊन पडायचं. झोपेतही तिचा हात डब्यावरच्या शालीवर असायचा.

शनिवारी सुदर्शन दुरुस्तीवाल्याला घेऊनच घरी आला.

"आई, अजून चालूच? आणि ही शाल कशाला? त्याला काय थंडी वाजतेय?"

"त्याला न्हाई."

"अगं, जळेल ना तो!"

"म्हून तर हात ठेवून बसलीय. आजचा दीस ऱ्हाऊ दे, बाबा."

सुदर्शनने चिडून बटणाकडे हात नेला. तेवढ्यात शालीखाली बारीक टकटक झाली. त्याने शालीचं टोक उचललं, क्षणभर पाहिलं आणि हात मागे घेतला.

मागे दुरुस्तीवाला पिशवीतली हत्यारं खडखडवत बाहेर काढत होता.

"दादा, जरा हळू," सुदर्शन कुजबुजला. "आमच्या कोंबडीचं पिल्लू बाहेर येतंय."