ड्रमखालच्या तारा

खिडक्यांच्या काचा हादरवणारं डूम मेटल वाजवायचा त्यांचा बँड. पण ड्रमर दादा वारला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला, बँडच्या गायिकेला, माइकसमोर किंचाळवेना. “मग हळू गाऊन बघ,” गिटारवाला म्हणाला. तिनं खालच्या पट्टीत गुणगुणायला सुरुवात केली, गिटारही दबकत सोबतीला आली आणि कोपऱ्यातला दादाचा ड्रम आपसूक झणझणू लागला. ड्रमच्या पोटाखालच्या तारा खोलीतल्या सुरांनीही थरथरतात. वाजवून झालं की त्या सैल करायच्या असतात. दादा कायम विसरायचा. ती ओरडायची, तो ऐकेल तर शपथ! गिटारवाला तारा सैल करायला उठला. तिनं गातानाच मानेनं नको म्हटलं. गाणं संपलं, गिटार थांबली, तरी ड्रम झणझणतच राहिला. सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, “दादा, तारा!” ड्रम एकदम गप्प झाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं तिचं ऐकलं होतं.